बागेच्या नव्या लागवडीतून कुत्र्यांना विषारी असलेली झाडं वगळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, कोथरूड, पुणे

दि. ९ डिसेंबर

विषय: नर्सरीच्या कोटेशनमधील झाडांची यादी

महोदय,

पाण्याच्या लाइनचं काम संपून खणलेली बाग पुन्हा उभी राहतेय, याचा मला मनापासून आनंद आहे. नर्सरीवाल्याचं कोटेशन नोटीस बोर्डावर लावलंत म्हणून यादी वाचता आली, त्याबद्दल आभार. रविवारच्या मीटिंगमध्ये ती मंजूर होण्याआधी माझी एक विनंती आहे. यादीतली सायकस (ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड), कण्हेर, बिट्टी आणि ड्युरांटा ही चार नावं खोडावीत, आणि झेंड्याच्या चौथऱ्याशेजारी आधीपासून असलेलं सायकसही तिथून हलवावं.

माझी कुत्री चिंगी तुम्ही पाहिली आहे. नोव्हेंबरमध्ये ती पाच महिन्यांची होती. दुधाचे दात पडून नवे येत होते, त्यामुळे चप्पल, खुर्चीचा पाय, दिसेल ते चावत सुटायची. एका संध्याकाळी त्या सायकसखाली तिला नारिंगी, मोठ्या सुपारीएवढं काहीतरी सापडलं. पंजाने ढकलायची, धावत जाऊन तोंडात धरायची, पुन्हा टाकायची. मी फोनवर बोलत होते. खेळतेय, खेळू दे, असं म्हणून मी लक्ष दिलं नाही.

रात्री साडेअकराला पहिली उलटी झाली, पहाटेपर्यंत सहा. तिसऱ्या उलटीत पांढऱ्या गराला चिकटलेला नारिंगी सालीचा तुकडा होता. तो मी कागदात गुंडाळून दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी कागद उघडला आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे सायकस आहे का?"

सायकसचं पान, खोड, मूळ सगळंच विषारी, पण बी सर्वांत जास्त. त्यातलं सायकासिन यकृतावर घाला घालतं. एक-दोन बियाही कुत्र्याचा जीव घ्यायला पुरतात. आणि हे विष फसवं आहे. उलट्या थांबल्या की आपल्याला वाटतं, चला, पोट ठीक झालं. खरं दुखणं दोन-तीन दिवसांनी वर येतं. चिंगीच्या हिरड्या तिसऱ्या दिवशी पिवळसर दिसायला लागल्या, तेव्हा आई देवापुढून उठेना. पाच दिवस सलाइन चाललं. बराचसा गर उलटीतून पडून गेला होता आणि आम्ही वेळेत पोचलो, म्हणून ती आज जिन्यावरून उड्या मारत उतरते. रक्ताच्या तपासण्या अजून चालू आहेत.

यात सोसायटीचा दोष आहे असं मी म्हणत नाही. ते झाड इतकी वर्षं तिथे आहे आणि आपण सगळेच त्याला शोभेचं ताड समजत आलो. मात्र आता माहीत झाल्यावर आणखी सहा सायकस लावणं मला पटत नाही.

कण्हेरीचं म्हणाल तर ती का लावतात हे मलाही ठाऊक आहे. पाणी कमी लागतं, धूर-धूळ सोसते, बारा महिने फुलते, गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून महामार्गांच्या दुभाजकांत तीच दिसते. पण गुरं तोंड लावत नाहीत ते कण्हेर विषारी आहे म्हणूनच! पान, फूल, काडी, कशातूनही ते विष पोटात गेलं की थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. वाळलेल्या पानातही ते टिकून राहतं. आपल्याकडे छाटणीचा ढीग दोन-दोन दिवस मागच्या गेटपाशी पडून असतो आणि त्याच ढिगावर आपला सोसायटीतला कुत्रा काळू उन्हाला झोपतो, हे डोळ्यांसमोर आणावं. शंकराला वाहायला कण्हेर हवी, असं ए विंगमधल्या आजींचं म्हणणं आहे. ते मला मान्य आहे. एक झाड मंदिराच्या कठड्याच्या आत, कुत्रं पोचणार नाही असं ठेवावं. चालण्याच्या वाटेला लागून चाळीस रोपांची रांग मात्र नको.

बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, तिच्यातही तसंच विष. लहानपणी आम्ही बिट्ट्या गोळा करून खेळलो आहोत आणि आमच्यातल्या कोणी ती फोडून खाल्ली नाही हे नशीब. ड्युरांटाच्या कुंपणाला वाटाण्याएवढी नारिंगी फळं घोसाने लागतात. ती कुत्र्यांना बाधतात, मुलांनाही बाधतात. त्यामुळे "कुत्री बागेत आणू नका म्हणजे झालं" हे उत्तर पुरेसं नाही.

आता लॉबीतल्या कुंड्या. यादीत डिफेनबेकिया आणि मनीप्लांट आहेत. ही दोन्ही सायकसच्या पंक्तीला बसवू नयेत. इंटरनेटवरच्या याद्या सगळ्यांना एकाच रांगेत 'विषारी' म्हणून उभं करतात, त्याने माणूस एक तर घाबरतो, नाही तर काहीच मनावर घेत नाही. या झाडांचा त्रास आपल्याला घरचाच आहे. अळू कच्चं राहिलं किंवा चिंच कमी पडली की घसा कसा खाजतो? तोच कॅल्शियम ऑक्झलेट, सुईसारखे बारीक स्फटिक. कुत्र्याने पान चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, जीभ सुजते. जिवावर बेतण्याची वेळ क्वचितच येते, पण हाल होतात. म्हणून मनीप्लांट काढू नका, वरच्या हुकांना टांगा. डिफेनबेकिया मात्र जमिनीवर, नेमका कुत्र्याच्या तोंडाशी येतो. त्याच्या जागी अरेका पाम घ्यावेत. तेही शोभेचे, हिरवेगार आणि निर्धोक.

अरेकाशिवाय स्पायडर प्लांट, बॉस्टन फर्न, कॅलाथिया यांचीही कुत्र्यांना बाधा नाही. हे सगळे पुण्यातल्या कुठल्याही नर्सरीत मिळतात. बाहेर वाफ्यांत गुलाब, झिनिया, जर्बेरा चालतील. कुंपणासाठी माझं मत कुंतीला आहे. छाटणी सोसते, दाट वाढते आणि पाऊस पडून गेल्यावर पांढऱ्या फुलांचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो. वाटेच्या कडेला मोगरा लावला तर पूजेच्या फुलांचीही सोय होईल.

लागवडीइतकंच खताकडेही लक्ष हवं, आणि याबद्दल मी माळीकाकांशी बोलले आहे. गेल्या वर्षी वाफ्यांत एरंडाची पेंड घातली होती. कुत्र्यांना ती खाद्यासारखी वाटते, उकरून खातात. नीट प्रक्रिया न झालेल्या पेंडीत रिसिन हे एरंडाचं विष शिल्लक राहतं आणि ते अत्यंत जहाल आहे. त्याऐवजी शेणखत किंवा गांडूळखत घालायला माळीकाका तयार आहेत. कीड लागली की कुंड्यांत फोरेट या कीटकनाशकाचे दाणे टाकायची जुनी सवय अजून अनेकांना आहे. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंदी आहे. कोणाच्या घरी जुना पुडा असेल तर तो मातीत जाऊ नये, एवढी सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावी.

वॉचमनच्या केबिनबाहेर एक कागद लावावा, मजकूर मी लिहून देते. त्यावर चोवीस तास चालणाऱ्या जनावरांच्या दवाखान्याचा नंबर असावा. कुत्र्याने झाड खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून घरी उलटी करवू नये, कारण मिठानेच दुसरी विषबाधा होऊ शकते. दूध पाजल्याने विष उतरत नाही. झाडाची फांदी किंवा फोटो घेऊन थेट दवाखाना गाठावा. मी त्या रात्री दीड तास गूगल करण्यात घालवला, तो कोणी घालवू नये.

खर्चाचा प्रश्न येईल, म्हणून मी नर्सरीत विचारून आले. कण्हेरीच्या जागी कुंती घेतली तर थोडे जास्त पडतील, पण सहा सायकस वगळल्याने त्याहून अधिक वाचतात. जुनं सायकस कोणाच्या बागेत पाठवायचं नसेल, तर निदान त्याभोवती जाळी मारावी आणि बी धरू लागल्याबरोबर मधला बियांचा गड्डा काढून टाकावा.

अध्यक्षकाका, एवढं औपचारिक लिहिलं कारण पत्र फाइलला लागावं. तुमच्या कुत्र्याला, राजाला, त्याच चौथऱ्यापाशी मी लहानपणी बिस्किटं घालायचे, ते तुम्हाला आठवत असेल. शनिवारी सकाळी माळीकाकांबरोबर नर्सरीत जाऊन रोपं पाहून यायची माझी तयारी आहे. तुम्हीही आलात तर बरं होईल.

कळावे,

आपली विश्वासू,
बी विंगमधील एक सभासद

ता. क. – आज सकाळी सायकसखालच्या बिया मी वेचल्या. तेवीस निघाल्या. त्या डब्यात बंद करून ठेवल्या आहेत, रविवारी मीटिंगला घेऊन येते. अजून गड्ड्यात बऱ्याच आहेत, तेव्हा तोवर सगळ्यांनी आपापल्या कुत्र्यांना त्या बाजूने नेऊ नये, असं कृपया आजच ग्रुपवर कळवावं.