घाटात अडकलेले ट्रक आठवा

मा. संपादक,

कांद्याची नाहीतर तांदळाची निर्यात बंद झाली की आपल्याकडे लोक खूश होतात, चला आता भाव उतरणार. मला मात्र दरवेळी मार्च २०२० आठवतो. लॉकडाऊनच्या पहिल्या दिवसांत आमच्या गोव्यातल्या डिचोलीत दुकानं बंद, बेळगावहून भाजी घेऊन येणाऱ्या गाड्या घाटात अडकलेल्या, आणि आई पेजेसाठी उकडे तांदूळ मापट्यात घेऊन त्यातली एक मूठ परत डब्यात टाकायची. पैसे होते हो घरात, मालच नव्हता.

आणि त्याच वर्षी १४ सप्टेंबरला आपण कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली, तेव्हा बांगलादेशला निघालेले कांद्याचे ट्रक पेट्रापोलच्या सीमेवर रांगेत उभे राहिले, कांदा गाडीतच सडायला लागला आणि पलीकडे ढाक्यात भाव भडकले. म्हणजे मार्चमध्ये जे आपण भोगलं तेच सहा महिन्यांत शेजाऱ्याला भोगायला लावलं!

तांदळाचं तर याहून मोठं आहे, कारण जगात जेवढा तांदूळ देशादेशांत विकला जातो त्यातला सुमारे ४० टक्के एकट्या भारताचा. जुलै २०२३ मध्ये आपण बासमती सोडून पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि थायलंड-व्हिएतनामचे भाव लगेच चढले. एकाने दार लावलं की दुसरा घाबरून लावतो, आणि विकत घेणारे मिळेल त्या भावात साठा करायला धावतात. २००८ मध्ये असंच झालं, थायलंडचा तांदूळ काही महिन्यांत टनाला १००० डॉलरवर गेला, फिलिपिन्समध्ये सरकारी तांदळासाठी रांगा लागल्या. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेल रोखलं तेव्हा तेलाच्या भावाची धास्ती आपणही घेतलीच की.

आपल्या माणसांना आधी मिळायला पाहिजे हे मला मान्य आहे, त्यात वाद नाही. पण निदान महिनाभर आधी सांगा, ज्या मालाचे सौदे झालेत, पैसे आलेत तो जाऊ द्या, आणि बांगलादेश, नेपाळ, भूतानसारख्या शेजाऱ्यांचा कोटा बंदी घालतानाच जाहीर करा, त्यांनी दिल्लीला विनवण्या केल्यावर नको.

एक वाचक, डिचोली