अल्बममधील शेवटची रिकामी जागा

माननीय संपादक,

अमेरिकेच्या 'लार्ज सेंट' या तांब्याच्या मोठ्या नाण्यांचा वर्षवार अल्बम मी अनेक वर्षांच्या खटपटीनंतर नुकताच पूर्ण केला. त्या अनुभवावरून नव्या संग्राहकांसाठी चार शब्द लिहीत आहे. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९३ पासून १८५७ पर्यंत ही नाणी दरवर्षी पाडली गेली, अपवाद फक्त १८१५ चा, कारण अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात १८१२ मध्ये सुरू झालेल्या युद्धामुळे इंग्लंडहून येणाऱ्या कोऱ्या तांब्याच्या चकत्यांचा पुरवठा खुंटला होता. त्या वर्षाची जागा भरण्याचा हट्ट कोणी धरू नये.

खरी कसोटी १७९३, १७९९ आणि १८०४ या वर्षांची असते. १७९३ च्या पहिल्या नाण्यावरील पंधरा कड्यांची साखळी राज्यांच्या एकजुटीचे प्रतीक म्हणून योजलेली होती, परंतु लोकांना तीत स्वातंत्र्याऐवजी बेड्या दिसल्या आणि काही आठवड्यांतच तिच्या जागी पर्णमाला आली. १७९९ चे म्हणून विकले जाणारे नाणे पुष्कळदा १७९८ च्या नाण्यावरील शेवटचा आकडा कोरून बदललेले असते, तर १८०४ च्या बाबतीत टांकसाळीने टाकून दिलेल्या ठशांवरून १८६० च्या सुमारास खासगीरीत्या पाडलेली नाणी फिरत असतात. अशा नाण्यापेक्षा झिजलेले, पण अस्सल नाणे मला केव्हाही अधिक मोलाचे वाटते. तांबे घासून चकचकीत करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. माझ्या हातून एक नाणे असेच वाया गेले.

आपला,
एक नाणेसंग्राहक