पोटदुखीत आधी सोनोग्राफी

पोटदुखी असल्यास थेट सीटी स्कॅन करून घ्यावा, असे सुचवणारा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. हा सरसकट सल्ला पटला नाही. पित्ताशयातील खड्यांसाठी सोनोग्राफीच सरस. कोलेस्टेरॉलचे काही खडे भोवतालच्या पित्ताइतक्याच घनतेचे असल्याने सीटीत दिसतच नाहीत. सोनोग्राफीत मात्र खड्यामागे काळी सावली पडते. शिवाय सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतोच; छातीच्या एका एक्स-रेत सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) किरणोत्सर्ग मिळतो, तर पोटाच्या सीटीत साधारण ८ ते १०.

सोनोग्राफी फसते ती बरेचदा तयारीअभावी. राधानगरी, गगनबावड्याहून पहाटेच्या एसटीने कोल्हापुरात आलेला रुग्ण स्टँडवर दुधाचा चहा घेतो. पित्ताशय आकसते आणि लहान खडा नजरेतून सुटतो. ६ ते ८ तास उपाशी राहावे, ओटीपोटाची तपासणी असल्यास पाणी पिऊन लघवी रोखून यावे, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवरच लिहून द्यायला हवे.

सीटी अनावश्यक आहे असे मुळीच नाही. मूत्रवाहिनीतला खडा कॉन्ट्रास्टविना (शिरेतून दिल्या जाणाऱ्या, अवयव उठून दिसण्यासाठीच्या औषधाविना) केलेल्या सीटीत सर्वांत स्पष्ट दिसतो. स्वादुपिंड गॅसमागे झाकले गेले असेल किंवा आतडे फुटल्याची शंका असेल, तर क्षणही दवडू नये. पण कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वी मधुमेही, मूत्रपिंडाचे विकार असलेल्या व वृद्ध रुग्णांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) तपासलेच पाहिजे. आणि चिठ्ठीवर नुसते ‘पोटदुखी’ नको: कुठे दुखते, किती दिवस, ताप आहे का, आधी कोणती शस्त्रक्रिया झाली, हे रेडिओलॉजिस्टला, म्हणजे या तपासण्या पाहणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरला, कळले पाहिजे.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर