लोहगडावर भेटलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार

रविवारी सकाळी मैत्रिणीचा फोन आला, "चल, लोहगडला जाऊ." तासाभरात आम्ही दोघी लोणावळा लोकलमध्ये होतो. मळवलीला उतरलो, भाजे गावातून चढलो. गणेश, नारायण, हनुमान आणि मग महादरवाजा, असे गडाचे चार दरवाजे. गडाची लांब, चिंचोळी सोंड म्हणजे विंचूकाटा, तो धुक्यातून क्षणभर दिसला, पुन्हा गडप!

उतरताना शेवाळलेल्या पायरीवर तिचा पाय मुरगळला. पाऊल टेकवेना. मागून येणाऱ्या तुम्हा चौघांपैकी एकाने क्रेप बँडेज बांधलं, दोघांनी तिला आधार दिला आणि उरलेल्या सगळ्या पायऱ्या तुम्ही तिच्या चालीने उतरलात. भर पावसात, एकदाही घड्याळ न बघता.

लोहगडवाडीतल्या मावशी, तुम्ही आम्हाला चुलीजवळ बसवलंत, कोरडा टॉवेल दिलात, गरम पिठलं-भाकरी वाढलीत. पैसे काढले तर म्हणालात, "लेकीकडून कसले पैसे?" ते आठवलं की अजून डोळे भरून येतात.

मळवली स्टेशनपर्यंत सोडणारे टेम्पोवाले दादा, लोकलमध्ये तिला जागा देऊन स्वतः उभ्या राहिलेल्या ताई, तुमचेही मनापासून आभार. गडबडीत कुणाचंच नाव विचारलं नाही, याची फार चुटपुट लागली आहे.

हाड मोडलेलं नाही. मावशी, तुमचा टॉवेल आमच्याकडेच राहिलाय. तिचा पाय बरा झाला की दोघी घेऊन येतो.