जुनं पिस्तूल घेण्याआधी अमोलला

कोरेगाव, जि. सातारा
७ जुलै

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी अमेरिकेहून फोनवर तू पिस्तुलाचा विषय काढलास तेव्हा तुझी आई शेजारीच बसली होती, म्हणून मी "बघू" एवढंच बोललो. मी नको म्हणणार नाही. बावीस वर्षं सैन्याच्या ईएमईत, म्हणजे दुरुस्ती-देखभालीच्या दलात, आर्मरर होतो, रोज हत्यारं उघडली नि जोडली. पण तू जे निवडलंयस ते वापरलेलं आहे, आणि त्याचं काडतूस कमी चालणारं आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की घाई चालत नाही. फोनवर निम्मं राहून जातं, म्हणून कागदावर लिहितोय. संध्या फोटो काढून पाठवेल.

तू पाठवलेले फोटो चष्मा लावून दोनदा पाहिले. सिग कंपनीचं पी२२९, काडतूस .३५७ सिग, पोलीस खात्यानं बदली करून विकायला काढलेलं. दुकानदार म्हणाला, "खात्याचं आहे, फारसं चाललेलं नाही." हे खरं असू शकतं. शिपायाचं पिस्तूल वर्षानुवर्षं कमरेला लटकतं आणि वर्षातून ठरावीक वेळाच चालतं. त्यामुळे बाहेरून काळा रंग घासून पांढरा पडलेला दिसतो आणि आतून नळी चांगली निघते. बाहेरच्या घासण्यावरून त्याला नाकारू नकोस, आणि बाहेरच्या चकाकीवर भाळूही नकोस.

आता ते स्वस्त का मिळतंय ते सांगतो. आमच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, ९ एमएम १ए पिस्तूल असायचं, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीतलं, ब्राउनिंगच्या रचनेचं. त्याची गोळी तुला माहीत आहे. तुझ्या काडतुसातही जवळपास त्याच मापाची गोळी आहे, फक्त पुंगळी, म्हणजे दारू भरलेलं पितळी नळकांडं, मोठी. .४० स्मिथ अँड वेसन या काडतुसाची पुंगळी घेऊन तिचा गळा बाटलीसारखा आवळलाय आणि त्यात .३५५ इंचाची गोळी बसवलीय. नावात .३५७ घातलं ते जुन्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरची आठवण म्हणून. सिग आणि फेडरल या दोन कंपन्यांनी ते १९९४ साली आणलं. १२५ ग्रेन वजनाची (साधारण आठ ग्रॅम) गोळी सेकंदाला साधारण १३५० फुटांनी सुटते, म्हणून टेक्सासच्या राज्य पोलिसांनी आणि राष्ट्राध्यक्षांच्या सीक्रेट सर्व्हिसनंही ते घेतलं. पुढे ९ एमएमच्या गोळ्या सुधारल्या, २०१५च्या सुमारास एफबीआय ९ एमएमकडे वळली, बाकीची खातीही वळली. कपाटंच्या कपाटं रिकामी झाली आणि ती पिस्तुलं दुकानात आली. म्हणजे हत्यार वाईट म्हणून स्वस्त नाही. त्याचं काडतूस आता फारसं कुणी मागत नाही, म्हणून स्वस्त आहे.

आणि इथंच तू विचार करायचास. पिस्तुलाचे पैसे एकदाच जातात, काडतुसाचे जात राहतात. ९ एमएमच्या जवळजवळ दुप्पट भाव .३५७ सिगला पडतो असं तूच म्हणालास. २०२०-२१ मध्ये तिकडे काडतुसांचा दुष्काळ पडला तेव्हा कारखान्यांनी आधी जास्त खपणारी काडतुसं बनवली आणि अशी कमी चालणारी कितीतरी काळ दुकानात दिसली नाहीत. वर्षभर सराव न केलेला माणूस आणि त्याच्या उशाशी जोरदार पिस्तूल, हे मला बघवत नाही. आमच्याकडे चांगला नेमबाज तोच होता जो रेंजवर जास्त वेळा गेला, हत्यार कोणतंही असो.

तरी मन त्याच्यावरच बसलं असेल तर एक चांगली सोय आहे. मोठी पुंगळी .४० चीच असल्यामुळे पी२२९ मध्ये फक्त नळी बदलली की .४० चं काडतूस चालतं, मॅगझिन तेच राहतं. सिगचीच .४० ची नळी मिळाली तर आत्ताच घेऊन ठेव. एक बंद पडलं तर दुसरं मिळेल. पण याच सोयीत एक धोका आहे, म्हणून नीट वाच. नळी बदलता येते म्हणजे आधीच्या मालकानं बदललेली असू शकते. स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर) किंवा डब्यावर काय लिहिलंय ते बघून काडतूस भरू नकोस. नळीवरचाच शिक्का वाच, आणि काडतुसाच्या तळावरचा शिक्का वाच. दोन्ही अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. .३५७ मॅग्नम वेगळं आहे, ते रिव्हॉल्व्हरचं. .४० च्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीत मागे काडतूस बसतं त्या जागेत, .३५७ सिग घातलं तर पुंगळी फाटून गरम वायू तोंडावर येऊ शकतो. टेबलावर एका वेळी एकाच जातीचं काडतूस ठेवायचं, दुसरा डबा खोलीतसुद्धा नको.

आता तपासणी. दुकानात गेल्यावर आधी विचार, "उघडून बघू का?" जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नकोस. मॅगझिन काढ, स्लाइड मागे ओढून अडकव, चेंबरमध्ये डोळ्यानं बघ आणि करंगळी घालून चाचप. मग नळी बाहेर काढ. अंगठ्याचं नख नळीच्या मागच्या तोंडाशी तिरकं धर, नखावरचा उजेड आत शिरतो आणि पुढून बघितलं की गोळीला गिरकी देणारे आतले सगळे पीळ दिसतात. आम्हाला उस्तादानं पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं. पिळांच्या कडा धारदार हव्यात. मध्येच एखादी गोल सावली, अंगठीसारखी, दिसली तर नळी तिथं फुगलेली आहे: कधीतरी अशक्त काडतुसाची गोळी आत अडकली आणि मागून दुसरी मारली गेली. ते पिस्तूल तिथंच ठेव, भाव कितीही उतरवो. नळीचं पुढचं तोंड बघ, ठोकर लागलेली असेल तर नेम फिरतो.

त्यानंतर स्लाइड. तिच्या आतला सपाट भाग, जिथं पुंगळीचा तळ टेकतो, तिथं सुईच्या टोकाएवढे खड्डे असतील तर पुष्कळ किंवा खराब काडतुसं चाललीत. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहे आणि स्लाइड पोलादाची. पोलाद अ‍ॅल्युमिनियमला खातं. म्हणून फ्रेमवरच्या ज्या पट्ट्यांवर स्लाइड सरकते तिथं बोट फिरव. रंग उडाला असेल तर चालेल, धातू खरवडला असेल तर नको. .३५७ सिगचा दाब चाळीस हजार पीएसआयपर्यंत (चौरस इंचाला पौंड) जातो, ९ एमएमचा पस्तीस हजारांपर्यंत. हा फरक वर्षानुवर्षं याच पट्ट्या सोसतात. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) किती जुनी आहे कोण जाणे, ती विचारतही बसू नकोस. घेतल्या दिवशी नवीन घाल, पुढे साधारण पाच हजार राउंड, म्हणजे काडतुसं, झाडली की बदल. मॅगझिनच्या ओठांकडे बघ, वाकलेले असले तर काडतूस नाक वर करून अडकतं. रात्री चमकणारे ठिपके मंद दिसले तर घाबरू नकोस, त्यात ट्रिटियम असतं आणि बारा वर्षांत ते निम्मं होतं.

एक फरक मात्र तुला पाठ हवा. आमच्या ब्राउनिंगच्या मूळ रचनेत मॅगझिन काढलं की चाप दबून काही होत नाही. तुझ्या पी२२९ मध्ये तसं नाही. मॅगझिन बाहेर, चेंबरमध्ये एक राउंड, चाप दाबला की गोळी सुटेल. त्याला बोटानं लावायची सेफ्टीसुद्धा नाही, फक्त हॅमर सावकाश खाली आणणारी खटकी आहे. पहिला चाप लांब आणि जड लागतो, दुसऱ्यापासून हलका. हात सरावला नाही तर दुसरी गोळी मनात नसताना सुटते. एकदा रेंजवरून परतल्यावर एका जवानानं एसएलआर रायफलचं मॅगझिन काढलं, त्याला वाटलं झालं, आणि चाप दाबला. गोळी जमिनीत गेली, दगडाची कपची माझ्या नडगीत घुसली. तो डाग लहानपणी तू मला विचारायचास आणि मी सायकलवरून पडलो म्हणून सांगायचो. त्या दिवशी समोर माणूस असता तर, हा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही.

घरी काडतूस भरून ठेवणार असशील तर तेच काडतूस रोज काढून परत भरू नकोस. .३५७ सिगचा गळा आखूड असतो, गोळीला पकड कमी. चेंबरमध्ये पुन्हा पुन्हा आपटलं की गोळी आत सरकते आणि दाब धोकादायक वाढतो. काढलेलं काडतूस नव्याच्या शेजारी उभं करून बघ, बुटकं दिसलं तर बाजूला काढ. आणि कानाला दोन-दोन संरक्षणं लाव, आत मऊ बोळे आणि वर कान झाकणारे इअरमफ. या काडतुसाचा आवाज बंद रेंजवर फार वाईट असतो. माझा उजवा कान गेलाय तो असाच.

कागदांचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी बोलतो. ग्रीन कार्ड आहे म्हणून तुला घेता येतं. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा असतो, त्यात स्थलांतराचा दर्जा विचारतात, एकेक ओळ खरी लिही. आणि तुझे एच-वन-बी वरचे मित्र! शिकारीचा परवाना किंवा तसा एखादा अपवाद नसेल तर त्यांना बंदूक बाळगायची मुभा कायद्यात नाही, रेंजवर हातात घ्यायचीसुद्धा. मागच्या वर्षी मी व्हिजिटर व्हिसावर आलो होतो, म्हणून तू आग्रह केलास तरी मी काचेमागे उभा राहिलो, आठवतंय ना? हात शिवशिवत होते, पण नाही लावला. उद्या एखादा म्हणेल, "तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो." दोस्ती तुटली तरी चालेल, हे करायचं नाही. तो तिकडे मोठा गुन्हा आहे आणि त्यात दोघांचंही तिथलं राहणं जाईल. खासगी माणसाकडून घेणार असलास तर तुमच्या टेक्सासमध्ये तपासणीची सक्ती नसली तरी परवानाधारक दुकानातून नावावर करून घे. चोरीचं निघालं तर तुझ्या बाजूनं कुणी साक्ष देणार नाही.

सूनबाईला आधी विचारलंस का? तिनं नको म्हटलं तर पिस्तूल नको, एवढंच. तिनं हो म्हटलं तर जमिनीला बोल्ट केलेली तिजोरी आधी येऊ दे, पिस्तूल नंतर. चिऊ तीन वर्षांची आहे, तिचा हात आत्ताच सगळ्या खणांत जातो. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं हत्यार ठेवणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे, पण मी तुला कायद्यासाठी सांगत नाही. किल्ली तिजोरीच्या वर ठेवू नकोस.

शनिवारी जाशील तेव्हा नळीचा फोटो पाठव, मागून उजेड धरून, आणि नळीवरच्या शिक्क्याचा वेगळा. स्लाइडच्या आतल्या सपाट भागाचाही. मी बघून कळवतो, तोवर पैसे देऊ नकोस.

दिवाळीला येताना रेंजची बॅग प्रवासाला आणायची नाही. वेगळी घे. तीच आणलीस तर सगळे कप्पे उलटे करून अंथरुणावर झटक, शिवणीत बोट घाल. मुंबईच्या विमानतळावर एक विसरलेलं काडतूस सापडलं तरी आर्म्स अ‍ॅक्टखाली धरतात, आणि परदेशातून आलेली किती शिकलेली माणसं असंच सांगत बसलीत की आमच्या लक्षात नव्हतं. तुझी आई आत्तापासून तुझ्या येण्याचे दिवस मोजतेय. चिऊला पापा.

तुझे
आबा