पोरगी 'जर्सी' म्हणाली आणि नापास झाली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरला पत्र लिहायची सवय नाही, मोबाईलवर टाईप करतोय, चुका असतील तर सांभाळून घ्या. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा, उद्यमबागेत मशीन शॉपला कामाला आहे. पोरगी सव्वाचार वर्षांची झाली, जूनला एलकेजीला घालायची म्हणून गेल्या महिन्यात शहरातल्या एका शाळेचा फॉर्म भरला. फॉर्मबरोबर 'इंटरॅक्शन'ची तारीख मिळाली. इंटरव्ह्यू म्हणायचं नाही म्हणे.

आत मिसनी कार्डं दाखवली. ॲपल झालं, बॉल झाला, मग काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची गाय आली. पोरगी म्हणाली, जर्सी. मिसनी परत विचारलं, व्हॉट इज धिस? पोरगी आणखी जोरात, जर्सी! (खरं तर ती एचएफ म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन जातीची, पण आमच्याकडं सगळ्या संकरित गायींना जर्सीच म्हणतात.) आमच्या दारात दोन म्हशी आणि एक गाय आहे, आजी धार काढायला बसली की ही शेजारी बसलेली असते, म्हस, रेडकू, गावठी गाय, जर्सी सगळं वेगळं ओळखते, त्या खोलीत गायीबद्दल सगळ्यात जास्त माहिती बहुतेक तिलाच होती. पण मिसच्या कागदावर फुली पडली. आठ दिवसांनी मेसेज आला, मूल अजून रेडी नाही, यंदा नर्सरीत घेऊ शकतो. फी तेवढीच.

शाळेला एकट्याला दोष देत नाही, दोन महिने मीच तिला ड्युटीवरून आलो की मोबाईलवर एबीसीडी लावून बसवत होतो. मेसेज आल्यावर गल्लीतल्या अंगणवाडीच्या बाईंना विचारलं, बाई खरंच पोरगी कच्ची आहे काय? त्यांनी एबीसीडीचं नावच काढलं नाही. शू लागली तर सांगते काय, आई दाराबाहेर गेली तर थोडं रडून गप होते काय, डबा स्वतः खाते काय, "चप्पल काढ आणि बाटली तिकडं ठेव" असं दोन कामं एकदम सांगितली तर करते काय, दुसऱ्या पोरांत आपली पाळी येईपर्यंत थांबते काय. परक्या माणसाला हिचं बोलणं कळतंय काय, हेही विचारलं. यातलं पाळीचं सोडलं तर सगळं जमतंय. पाळी काय, आमच्या शिफ्टला चहाच्या टपरीवर मोठ्यांनापण जमत नाही.

हाताचं पण त्यांनीच सांगितलं. तीन वर्षांचं पोर गोल काढतं, चौकोन साधारण चार-साडेचारला जमतो, त्रिकोण पाचच्या आसपास. आणि कॅपिटल ए म्हणजे त्रिकोणच की, तो आम्ही तिनाच्या पोराकडून गिरवून घेतो आणि नाही आला की चिडतो.

माझ्या बहिणीच्या पोराचं सांगतो, कारण खरं तपासायचं तेच राहून जातं. तो कडोलीला असतो. बालवाडीत हाक मारली तर बघायचा नाही, टीव्ही मोठ्यानं लावायचा, शब्द अर्धे बोलायचा, सगळ्यांचं एकच, पोरगा हट्टी आहे, लक्ष नाही, एक वर्ष मागं ठेवा. वर्ष ठेवलं पण. नंतर सर्दीसाठी डॉक्टरकडं नेला तर त्यांनी कानात बघितलं, सारख्या सर्दीनं पडद्यामागं पाणी साठलेलं, त्याला निम्मं ऐकूच येत नव्हतं. औषधपाणी झालं, तीन-चार महिन्यांत पोरगा पोपटासारखा बोलायला लागला. वर्ष गेलं ते गेलंच. आणि हे तपासायची सोय फुकट आहे हो, 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येऊन पोरांचे डोळे, कान, वाढ, बोलणं बघायची असते. पण टीम कधी येणार ते पालकांना कळतच नाही, त्या दिवशी पोरगं मामाच्या गावाला असलं की संपलं.

आता वयाचा घोळ, तो तर आम्हा सीमाभागातल्या लोकांनाच माहीत. कर्नाटकात पहिलीला 1 जूनला 6 वर्षं पूर्ण लागतात, 2025 ला यूकेजी झालेल्यांना 5 वर्षं 5 महिन्यांची सूट दिली पण ती त्या एका वर्षापुरती. महाराष्ट्रात 31 डिसेंबरपर्यंत 6 झाले की चालतंय. माझ्या मेहुणीची पोरगी शिनोळीला, म्हणजे हद्दीपलीकडं महाराष्ट्रात, दोघी सप्टेंबर 2021 च्या, 11 दिवसांचं अंतर. ती 2027 ला पहिलीत बसणार आणि माझी 2028 ला. पोरी त्याच, डबा तोच, मधे फक्त हद्द. मला स्वतःला थोडं थांबलेलं बरंच वाटतं, कास्टिंग गरम असताना साचा फोडला की तडा जातो हे आमच्या फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको. पण थांबायचं ते वयासाठी थांबू, इंग्लिशमधला 'काऊ' आला नाही म्हणून कशाला?

एका वकील मित्रानं सांगितलं की 2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 मध्ये ॲडमिशनसाठी पोराची किंवा आईबापाची परीक्षा घ्यायला बंदी आहे, पहिल्यांदा 25 हजारांपर्यंत दंड, पुढं प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत. मी खूश झालो. मग म्हणाला, कायदा 6 ते 14 च्या पोरांचा, एलकेजीचं आलं की वाद निघतो. म्हणजे सहा वर्षांच्याला परीक्षा नाही आणि चारच्याला आहे.

शाळांना एकच म्हणणं आहे, काय विचारायचं ते घरच्या भाषेत विचारा. आमच्या पोरांना घरी मराठी, अंगणवाडीत मराठी-कन्नड दोन्ही, आणि इंटरॅक्शनला एकदम इंग्लिश, पोर गप्प बसलं की ते कच्चं. त्या दिवशी तिथल्या आयाबाईंनी पोरीला "पाणी पायजे काय गं" विचारलं तर हिनं त्यांना म्हशीचं नाव, रेडकाचं नाव, आजीचं गुडघादुखी सगळं सांगितलं. ते कुणी लिहून घेतलं नाही.

तुमच्याकडं मागणं एवढंच, स्थानिक पानावर लग्नाचे हॉल, लोडशेडिंग सगळं छापता, त्यातच बाल स्वास्थ्य टीम कुठल्या गावच्या अंगणवाडीत कधी येणार त्या तारखा दर महिन्याला मिळवून छापा. जागा कमी पडली तर माझं पत्र कापा, तारखा कापू नका.

आपला,
एक वाचक, येळ्ळूर