धम्मध्वज तिथेही तोच आहे

चि. बाळा,
सप्रेम जयभीम.

परवा फोनवर तू जे विचारलंस ते माझ्या डोक्यातून जात नाही. व्हिएतनाममधल्या तुझ्या घरमालकीणबाईंच्या बैठकीत त्यांच्या आजी-आजोबांचे फोटो मांडलेले, पुढे फळं आणि चहाचे छोटे कप, आणि पुण्यतिथीला त्यांनी तुझ्याही हातात उदबत्ती दिली. ‘आई, श्राद्धपक्ष करणार नाही ही प्रतिज्ञा मोडली का गं माझी?’

नाही मोडली. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर ती प्रतिज्ञा का दिली, ते आठव. मेलेल्याच्या नावाने जिवंतांना नाडणारी आणि मान कोणाचा, दक्षिणा कोणाची हे जातीवर ठरवणारी व्यवस्था त्यांना मोडायची होती. तुझ्या मालकीणबाई आणि त्यांची आजी यांच्यामध्ये कोणी पुरोहित उभा नाही. बाई स्वतः रांधतात, फोटोपुढे ताट ठेवतात आणि मग सगळे मिळून तेच जेवतात. आपण आजोबांच्या स्मृतिदिनी भन्तेजींना बोलावून परित्राणपाठ करतो, भोजनदान देतो. मला दोन्हींत जवळीक दिसते. तिथे पितरांसाठी कागदाच्या खोट्या नोटा जाळतात, ते मात्र मला पटत नाही. तेव्हा हात जोडून बाजूला उभी राहा. 2018 साली व्हिएतनामच्या बौद्ध संघानेच विहारांत असे कागद जाळू नका म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तू काही जगावेगळं करणार नाहीस.

पण बाळा, मला तुला सांगायचं आहे ते ध्वजाबद्दल.

1950 साली श्रीलंकेत जागतिक बौद्ध परिषद भरली होती. बाबासाहेब तिथे गेले होते. व्हिएतनामहून भिक्खू तो लियेन आले होते आणि जाताना त्यांनी निळ्या-पिवळ्या-लाल-पांढऱ्या-केशरी पट्ट्यांचा धम्मध्वज आपल्या देशात नेला. आपल्या वस्तीतल्या विहारावर लागतो तोच. तेरा वर्षांनी त्याच ध्वजापायी तिथे माणसं मारली गेली. दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम कॅथलिक होते, त्यांचे थोरले भाऊ ह्युए शहराचे आर्चबिशप. 1963 च्या मे महिन्यात भावाच्या समारंभाला चर्चचे झेंडे लागले आणि लगेच आलेल्या बुद्धजयंतीला धम्मध्वजावर बंदी आली. 8 मेच्या रात्री लोक ह्युएच्या रेडिओ केंद्राबाहेर जमले. ते निःशस्त्र होते. सरकारी फौजेने त्यांना पांगवताना जे जीव गेले, त्यांत लहान मुलंही होती.

11 जूनला भिक्खू थिक क्वांग डुक सायगॉनच्या (आताचं हो ची मिन्ह शहर) चौकात मांडी घालून बसले. सोबतच्या भिक्खूने त्यांच्या अंगावर पेट्रोल ओतलं आणि काडी त्यांनी स्वतः ओढली. शेवटपर्यंत ते हलले नाहीत. त्या चौकात आता त्यांचं स्मारक आहे. तुझ्याच शहरात आहे ते, अजून गेली नसशील तर जा.

पहिलं शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं, मग हे काय, असं तुझ्या मनात येईल. माझ्याही येतं. व्हिएतनामी भिक्खू थिक न्यात हान्ह यांनी 1965 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना पत्र लिहून समजावलं होतं की ही आत्महत्या नव्हे, झोपलेल्या जगाला जागं करण्यासाठी सोसलेली वेदना आहे. मी ते समजू शकते, पण मान डोलवू शकत नाही. 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. पुढच्या 14 जानेवारीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, आपल्या घरी आनंद झाला, आणि तरी मला वाटत राहिलं की हा माणूस तो दिवस बघायला हवा होता. साध्या मागणीसाठी माणसाला इथवर यावं लागतं, याचा राग मला सायगॉनसाठीही येतो आणि मराठवाड्यासाठीही.

याचा दोष तिथल्या साध्या ख्रिस्ती माणसांना देऊ नकोस. एकोणिसाव्या शतकात मिन्ह मांग राजाच्या काळात त्यांनीही धर्मापायी मरण सोसलं आहे.

जेवणाचं विचारलंस. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तिथले कितीतरी लोक ‘कोम चाय’ म्हणजे मांस-मच्छीविना जेवण जेवतात. टोफू, अळंबी, मुळ्याचा रस्सा, बिनमटणाचा फो, म्हणजे शेवयांचं सूप. अशा खाणावळीत तू अवश्य जा. आपल्याकडे शाकाहार म्हटलं की माझं मन आखडतं, कारण घर भाड्याने देताना ‘तुम्ही काय खाता?’ असं विचारून जात काढलेली मी ऐकली आहे. तिथे हमाल आणि साहेब एकाच बाकावर बसून जेवतात आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक डुकराचं मांस खातात. जेवण माणसाची पायरी ठरवत नाही. करुणेपोटी केलेला शाकाहार आणि विटाळापोटी केलेला शाकाहार यांतला फरक तुला त्या बाकावर कळेल, इथे कळणं अवघड होतं.

तिथल्या इतिहास संग्रहालयात मध्य व्हिएतनाममधल्या दोंग दुओंगची ब्राँझची उभी बुद्धमूर्ती आहे, तीही बघ. तिची घडण अमरावती शैलीची मानतात. आपल्या विदर्भातली अमरावती नव्हे, कृष्णाकाठची.

वैशाख पौर्णिमा तिथेही बुद्धजयंतीच. तेव्हा सुट्टी मिळाली तर ह्युएला जा. थिएन मू विहारात ती निळी गाडी ठेवली आहे, जिच्यातून थिक क्वांग डुक त्या सकाळी चौकात आले. त्रिशरण-पंचशील पालीतच म्हण, अगदी मोठ्याने. तिकिटाला पैसे कमी पडत असतील तर सांग, मी पाठवते.

तुझी,
आई